सांजच्या फेरीला शून्य पोरी

अंग दुखलं की लोक डॉक्टरकडं जातात आणि बेरीज शून्य आली की माझ्याकडं. लोहाऱ्यात माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, टायपिंग आणि फॉर्म भरून देण्याचं. पण पाटीवर न लिहिलेलं एक काम गेली कित्येक वर्षं मी करते, आणि सगळ्यात जास्त जीव त्यातच रमतो. कुणीतरी पेनड्राइव्ह धरून दारात उभं राहतं आणि म्हणतं, "काकू, आकडे तर सगळे भरलेत, पण बेरीज येईना बघा." मी म्हणते, "बसा. पाणी प्या. येईल."

मी सातवीपर्यंत शिकले. माहेर ईट गावाच्या अलीकडं एका वस्तीवर. पुढची शाळा ईटला, दोन कोस चालत. भावांना सायकल मिळाली, मला घरची चूल. तक्रार म्हणून नाही सांगत, पुढं त्याचा संबंध येतो म्हणून सांगते.

लग्न होऊन लोहाऱ्याला आले. ह्यांचं शिलाईचं दुकान, आणि त्याला लागूनच रशीदभाईंचा टायपिंगचा क्लास. मी रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि हे जेवेपर्यंत खिडकीतून त्या मशिनीकडं बघत बसायची. एक दिवस रशीदभाई म्हणाले, "भाभी, रोज रोज खिडकीतून काय बघता? दोन ते चार मशीन रिकामी असते. बसा की."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे घास चावत म्हणाले, "बस की. मशीन काय चावतीय व्हय?"

एवढंच. फी घेतली नाही, उपकार केल्यासारखं दाखवलं नाही. पुढं क्लासात कॉम्प्युटर आला तेव्हा रशीदभाई म्हणाले, "हा जानवर आपल्याच्यानं आवरत नाही भाभी, तुम्हीच सांभाळा." मग मी तो सांभाळला. पुस्तक नाही, शिकवणारा नाही. चुकत गेले, शिकत गेले. आज रशीदभाई नाहीत, हेही नाहीत. दुकान आहे ते रशीदभाईंच्याच जागेत, आणि ती खिडकी मी बुजवू दिलेली नाही.

आता हे बेरजेचं काम म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळंल.

साधी बेरीज कुणालाही येते. पण लोकांना अटी घालून बेरीज हवी असते. अमुक गावाची, अमुक महिन्याची, त्यातही अमुक प्रकाराची, तेवढीच. एक्सेलमध्ये त्याला एक सूत्र आहे, समइफ्स म्हणतात. मी माझ्या गिऱ्हाइकांना असं सांगते, की उंबऱ्यावर तीन सासवा बसल्यात. एकेक ओळ दारात येते. पहिली सासू विचारते, "गाव कोणतं?" दुसरी विचारते, "महिना कोणता?" तिसरी विचारते, "काम कोणतं?" तिघींची उत्तरं बरोबर आली तर आत, एकीचं जरी चुकलं तरी बाहेर. आणि ह्या सासवा लई खडूस. तोंडाने काही बोलत नाहीत, चुकलं कुठं ते सांगत नाहीत. नुसतं शून्य दाखवतात.

माझं काम एवढंच, की कोणती सासू का रुसली ते हुडकायचं.

मंडपवाले एक दादा होते. कोणत्या महिन्यात किती खुर्च्या बाहेर गेल्या ते त्यांना बघायचं होतं, म्हणजे नव्या किती घ्यायच्या ते ठरलं असतं. दरमहा शून्य. मी तक्ता उघडला, तारखेच्या रकान्यात लिहिलेलं, "वद्य पंचमी", "पौर्णिमेच्या आदला दिवस", "जत्रेचा दुसरा दिवस". मी म्हणलं, "दादा, ह्याला जानेवारी-फेब्रुवारी लागतं."

"का? आमचं समदं काम तिथीवर चालतंय. एवढं महाग यंत्र, त्याला पंचमी कळंना?"

"न्हाय कळत."

"मग काय कामाचं?" म्हणाले, आणि उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी पंचांग काखेत मारून आले. दोघांनी मिळून सगळ्या तिथ्यांच्या तारखा केल्या. मला त्यात पंचांग वाचायला आलं, ते त्यांच्यामुळं. बिघडलेला तक्ता घेऊन येणारा प्रत्येक माणूस मला असं काहीतरी देऊन गेला.

एका तक्त्यानं मात्र मला जे दिलं ते अजून खुपतं.

शेळ्यांच्या लसीचा तक्ता होता. जनावरांच्या एक तरुण डॉक्टर मॅडम घेऊन आल्या. कोणत्या वस्तीवर पहिला डोस झाला, कुठं दुसरा, महिनावार. बेरीज कमी दिसत होती. मी बघितलं तर वस्तीचं नाव एकदाच वर लिहिलेलं आणि खालच्या ओळींत नुसत्या दोन रेघा. 'वरीलप्रमाणे'ची ती खूण हो, आपल्याकडं प्रत्येक रजिस्टरात असते तशी. पानावर डोळ्याला ते कळतं, वर बघितलं की झालं. पण आपली सासू वर बघत नाही. तिनं विचारलं, "गाव कोणतं?" आणि दारातली ओळ, बाईच समजा तिला, म्हणाली, "पुढच्या बाईचंच," की सासू म्हणते, "पुढची मला काय सांगू नको," आणि बाहेर.

मी पाच मिनिटांत प्रत्येक खुणेच्या जागी वरचं नाव भरलं. बेरीज आली. मॅडम खूश, मी खूश.

मला एक कळलं नव्हतं. माझ्याकडं येण्याआधी तो तक्ता कुणीतरी तारखेप्रमाणं लावून घेतला होता. म्हणजे रांगेतल्या बायकांची जागा बदलली होती. "पुढच्या बाईचंच गाव" म्हणणाऱ्या बाईच्या पुढं आता भलतीच बाई उभी होती. एका वस्तीचा दुसरा डोस झालेलाच नव्हता, माझ्या तक्त्यात तो झालेला दिसला. लसवाले तिकडं गेले नाहीत. पुढं रोग आला तेव्हा त्या वस्तीवर शेवंताबाईच्या पाच शेळ्या गेल्या. काळ्याभोर, लांब कानाच्या, दोन तर गाभण.

मला हे मॅडमकडून कळलं. मी शेवंताबाईकडं गेले आणि सांगितलं, की बाई, हे माझ्या हातून झालं. तिला वाटलं मी कोण अधिकारी आहे. मी टायपिंगवाली आहे म्हणल्यावर तिनं मला खाटेवर बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता कसं करता मग?"

मी म्हणलं, "आता आधी मूळ कागद मागते. कागद बघितल्याशिवाय हात लावत न्हाय."

"मागत जा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि चहा टाकला. तो चहा पिताना मला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नाही. पण तिनं मला हाकलून दिलं असतं तर मी कदाचित हे कामच सोडलं असतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

गेल्या थंडीतली गोष्ट. आमच्या इथल्या एका शाळेचे गायकवाड सर सकाळीच दुकानात आले. शाळेची लिहिण्याची कामं तेच बघतात. माणूस सरळ, पण घाईचा. आल्या आल्या म्हणाले, "काकू, उद्या दहा वाजता बसच्या फेऱ्यांची बैठक आहे. आणि आमच्या तक्त्यात सांजच्या फेरीला शून्य पोरी आहेत."

पोरींना शाळेत ने-आण करणारी ती एसटी मला माहीत होती. सकाळी ती पार आत, तांड्यापर्यंत रिकामी जाते. तिथून पोरी घेते, मग पांढरवाडी, मग रस्त्यावरची माळेवस्ती, आणि लोहाऱ्याला शाळेत सोडते. सांजंला तशीच उलटी. बैठकीत ठरायचं होतं, की सांजची फेरी ठेवायची का बंद करायची. तांडा डांबरीवरच्या फाट्यापासून चांगला तासाभराच्या वाटेवर आत. थंडीत साडेपाचला शाळा सुटते, सहाला अंधार. फेरी गेली की तांड्याच्या पोरींची शाळा गेली, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, घरी म्हाताऱ्या. अंधारातनं पोरींना चालत कोण येऊ देणार?

मी तक्ता उघडला. सकाळची फेरी भरलेली, रोज पंचवीस-सव्वीस पोरी. सांजची, शून्य, शून्य, शून्य.

"सर," मी म्हणलं, "रोज सकाळी पंचवीस पोरी लोहाऱ्यात येतात आणि एकबी परत जात न्हाय. आतापर्यंत गावात उभं राहायला जागा उरली नसंल."

सरांना हसू येईना. "काकू, बैठकीत एसटीचे साहेबसुद्धा हेच विचारतील. मला काय येतंय सांगायला?"

आकडे बसमध्येच लिहिले जायचे. तांड्यावरची पूजा, नववीतली, रोज वही भरायची. तारीख, वस्ती, फेरी, किती पोरी. सरांनी ती वही बघून सगळं कॉम्प्युटरात उतरवलेलं. मी तक्ता खाली सरकवत गेले. सांजच्या प्रत्येक ओळीत वस्तीच्या जागी त्याच दोन रेघा.

खुणांच्या जागी वरचं नाव भरायला मला किती वेळ लागतो ते तुम्हाला सांगितलंच. हातानं ते आपोआप केलं, खोटं का बोलू. बेरीज झळकली. सांजंला रोज पंचवीस. सर उठलेच. "आली की! द्या पेनड्राइव्ह."

"सर, बसा."

"आता काय? आली ना बेरीज?"

"बेरीज आली. पण हे बघा, सकाळी माळेवस्तीच्या आठ पोरी येतात आणि सांजंला माळेवस्तीला पंचवीस उतरतात. तांडा शून्य, पांढरवाडी शून्य."

सर परत खुर्चीत बसले. मी विचारलं, "तुम्ही हा तक्ता कशाप्रमाणं लावून घेतलाय का?"

"तारीख आणि फेरी," सर म्हणाले. "आधी सकाळ, मग सांज. नीटनेटकं दिसावं म्हणून."

झालं. रांग हलली होती. दिवसाच्या सकाळच्या ओळी वर गेल्या, त्यातली शेवटची माळेवस्ती, आणि खाली सांजच्या सगळ्या खुणा तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. हा तक्ता बैठकीत गेला असता तर साहेब काय म्हणाले असते? पोरी आहेत, पण सगळ्या रस्त्यावरच्या माळेवस्तीच्या. बस तिथनंच वळवा, आत कशाला जायचं. फेरी वाचली असती आणि तांडा सुटला असता. शून्यापेक्षा ते वाईट. शून्य आलं की माणूस विचारतो तरी. बरोबर दिसणारी बेरीज कुणी तपासत नाही.

सर म्हणाले, "काकू, पहिली खूण तांड्याची, दुसरी पांढरवाडीची, तिसरी माळेवस्तीची. तसंच असणार. भरून टाका."

बऱ्याच दिवसांना ते चाललंही असतं. पण मधेमधे काही दिवशी तीनच्या जागी दोनच खुणा होत्या. त्या सांजंला कुठल्यातरी वस्तीची एकही पोरगी बसमध्ये नसणार. कोणत्या वस्तीची? अंदाजानं भरता आलं असतं. माझ्या डोळ्यापुढं शेवंताबाईची खाट आली. मी म्हणलं, "वही कुठंय?"

मधल्या सुट्टीत सर पूजाला घेऊन आले. काटकुळी पोरगी, दोन वेण्या, बोलायला मात्र खणखणीत. "वही भरली, काकू. आता नवी चालूय. जुनी घरी पेटीत ठेवली."

"घरी फोन?"

"फोन बाच्याकडं. बा कारखान्यावर. उद्या सकाळच्या बसनं आणते की."

सकाळची बस लोहाऱ्यात येते साडेनऊला. बैठक दहाला. शेकड्यानं ओळी. मी म्हणलं, "मीच येते तुझ्यासंगं आज."

पूजानं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "लई हदरे बसतात हां, काकू."

सांजच्या त्या बसमध्ये मी चढले तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "काकू, ह्या गाडीला कुठं?" मी म्हणलं, "तांड्याला, शाळेच्या पोरींबरोबर." पोरी खिदळल्या. पूजा दप्तरातून नवी वही काढून, सीटच्या दांडीला टेकून उभ्या उभ्या लिहीत होती. बस हलायची तसं तिचं पेन हलायचं, पण ओळ सोडायची नाही. माळेवस्तीला आठ उतरल्या. पांढरवाडीला दहा. मग बस डांबरी सोडून आत वळली. दोन्हीकडं तुरी, कुठं घर नाही, दिवा नाही. मी खिडकीशी बसून ती वाट बघत होते आणि मला ईटचे ते दोन कोस आठवत होते. एवढंच होतं की ते. एका बसएवढं अंतर.

तांड्यावर पूजाच्या आजीनं दारातच विचारलं, "काय केलं हिनं?"

"काय न्हाय हो, वही लिहिली. लई चांगली लिहिली."

"मग मास्तर सोडून तुमी कशाला आलाव?" म्हातारीला काही खरं वाटेना. पूजानं पेटी उघडली, वही माझ्या हातात दिली. मी पहिलं पान उघडलं.

पहिल्या दोन ओळी माझ्या अक्षरात होत्या.

पूजा म्हणाली, "आठवतं का, काकू? वही तुमच्याच दुकानातनं घेतली व्हती. तुम्ही रेघा मारून दिल्या, आणि म्हणला, वस्तीचं नाव रोज दोन-दोनदा कशाला लिहितीस, हात दुखंल. सकाळच्या ओळीखालीच सांजची ओळ, त्यात नावाच्या जागी नुसत्या दोन रेघा कर."

मला आठवलं. जूनमधली गर्दी, मी गिऱ्हाइकाशी बोलत बोलत तिला आखून दिलेलं. शेळ्यांचा तो प्रकार होऊन गेल्यानंतरचं हे. कॉम्प्युटरवर मी सावध झाले होते, पण कागदावर हाताची सवय जुनीच. आणि पोरगी एवढी इमानदार, की सांगितल्याप्रमाणं सगळं सत्र एकही खूण चुकवली नाही.

"पूजा," मी म्हणलं, "चूक माझी हाय. तुझी न्हाय, सरांचीबी न्हाय."

"चूक कुठं?" तिनं वही पुढं धरली. "दिसतंय की समदं. वर बघायचं आणि वाचायचं."

कागदावर तिचं खरंच होतं. बस वळून उभी होती, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. म्हातारीनं माझ्या पदरात ओंजळभर शेंगा घातल्या आणि म्हणाली, "बस बंद करू नका म्हणावं." तिला वाटलं, ते माझ्याच हातात आहे.

दुसऱ्या दिवशी सहालाच दुकान उघडलं. सर वही वाचत होते, मी भरत होते. "तांडा, सात. पांढरवाडी, अकरा. ह्या दिवशी सांजंला पांढरवाडी नाहीच, काकू." बघा, अंदाज केला असता तर तिथंच फसलो असतो. साडेनऊला शेवटची ओळ झाली. तिन्ही सासवांना एकेक ओळ नीट नाव-गाव सांगून आत गेली. असे थोडे दिवस सोडले तर सकाळ आणि सांज जवळजवळ सारखी, सांजंला कधी एखादी कमी, कुणी मामाकडं गेलेली असेल. आणि तांडा, पावसाचे दोन-तीन दिवस सोडले तर रोज, सातच्या सात.

सर तक्त्याबरोबर वहीसुद्धा घेऊन गेले. नंतर त्यांनी सांगितलं, की साहेबांनी तक्ता एकदा बघितला आणि वही मात्र बराच वेळ चाळली. बसच्या हिसक्यानं वाकडीतिकडी झालेली ती अक्षरं बघून म्हणाले, "हे कुणीतरी चालत्या गाडीत लिहिलंय." फेरी राहिली, तांड्यापर्यंत राहिली.

पूजानं त्याच दिवशी दुकानात येऊन नव्या वहीतल्या जुन्या खुणा खोडल्या आणि प्रत्येक ओळीत वस्तीचं नाव लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाली, "हात दुखतोय, काकू." मी म्हणलं, "दुखू दे."

दुसऱ्या सत्राचा तक्ता मी स्वतःच भरायला घेतला. वही शेजारी, एकेक ओळ बघून. तांडा, सांज, सात. तांडा, सांज, सात. मधेच एका तारखेला आठ. सकाळचे सातच. म्हणलं, परत कोणती सासू रुसली? दुपारी पूजा झेरॉक्सला आली तेव्हा तिला वही दाखवली.

"ही एक पोरगी कुठली वाढली गं?"

तिनं तारीख बघितली. "तुम्ही व्हता की त्या दिवशी. तांड्याला उतरलाव न्हवं का आमच्यासंगं?"

"अगं पण रकान्याचं नाव काय लिहिलंय? किती पोरी."

"मग?" पूजा म्हणाली. "तुम्ही काय पोरगा व्हता?"

शाळेच्या तक्त्यात मी आठाचे सात केले. तिथं खरा आकडा जायला हवा, त्यात माझी भर चालणार नाही. सत्र संपल्यावर वही मात्र पूजाकडून मागून घेतली. ती माझ्या दुकानात, खिडकीपाशी असते. त्यातला आठ मी खोडू दिलेला नाही.